सीलिअॅक आजार : पोषण आणि जीवनसत्त्वांची तूट

सीलिअॅक आजार हा गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे लहान आतड्याला होणारा ऑटोइम्यून आजार आहे. तो होण्यासाठी एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकीय ठेवण लागते. मात्र ती असलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही. ज्यांना होतो त्यांच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा ग्लुटेनला प्रतिसाद देताना स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म अंकुर झिजतात आणि अस्तर सपाट होत जाते. आयुष्यभर ग्लुटेनमुक्त आहार हा यावरचा प्रस्थापित उपचार आहे आणि त्याबद्दल दुमत नाही. परंतु ग्लुटेन थांबवल्याने फक्त इजा थांबते. इजेच्या काळात शरीराने गमावलेले लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे त्याने नेहमीच आपोआप परत येत नाहीत. ती तूट मोजणे, भरून काढणे आणि पुन्हा तपासणे हा उपचाराचा स्वतंत्र भाग आहे. रुग्णाला मात्र बहुतेक वेळा ‘गहू बंद करा’ एवढाच सल्ला मिळतो.

या दुर्लक्षाचे मूळ काही अंशी आजाराच्या इतिहासात सापडते. सॅम्युअल गी या इंग्रज वैद्याने १८८८ मध्ये या आजाराचे आधुनिक वर्णन केले आणि तो बरा झालाच तर आहारानेच होईल, असे सांगितले. पण आहारातला नेमका कोणता घटक घातक आहे, हे कळायला आणखी साठ वर्षे गेली. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके १९३०च्या दशकापासून गव्हावर संशय धरून होते. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांचा संशय बळावला. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. त्या काळी यशाची मोजमापे होती मुलाचे वजन, उंची आणि शौचातून जाणारी चरबी. त्यामुळे पोट फुगलेले, हातपाय काटकुळे झालेले, सतत जुलाब होणारे मूल हेच या आजाराचे चित्र वैद्यकाच्या आणि लोकांच्या मनात पक्के बसले. प्रौढ रुग्ण त्या चित्रात बसत नाहीत. नेदरलँड्समध्येच २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्याने निदान झालेले ८० प्रौढ तपासले गेले. त्यांतील ८७ टक्क्यांमध्ये किमान एक पोषकघटक कमी होता. जस्ताची कमतरता ६७ टक्के, लोहाचा साठा कमी असलेले ४६ टक्के, फॉलिक आम्ल कमी असलेले २० टक्के आणि ब-१२ कमी असलेले १९ टक्के होते. त्याच गटात २९ टक्के लोकांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते. अंगाने भरलेला माणूस पोषणानेही भरलेला असतो, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

कोणती तूट पडेल हे आतड्याचा कोणता भाग बिघडला आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागाला या आजाराचा सर्वाधिक फटका बसतो आणि लोह मुख्यतः तिथेच शोषले जाते. म्हणून गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय हे प्रौढांमध्ये कित्येकदा आजाराचे एकमेव लक्षण असते. फॉलिक आम्ल आणि कॅल्शियम यांचेही शोषण प्रामुख्याने याच पट्ट्यात होते. चरबी नीट शोषली गेली नाही की तिच्यात विरघळणारी अ, ड, इ आणि के ही जीवनसत्त्वेही वाया जातात. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडले की रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून काढून घेते, आणि हाडांची घनता वर्षानुवर्षे घटत जाते. अस्थिभंग होईपर्यंत रुग्णाला काहीही जाणवत नाही. के जीवनसत्त्वाच्या अभावाने रक्त गोठायला वेळ लागतो. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो. इ जीवनसत्त्व, ब-१२ किंवा तांबे यांची दीर्घकाळ कमतरता राहिली तर चालताना तोल जाणे, हातापायांना मुंग्या येणे अशा मज्जासंस्थेच्या तक्रारी उद्भवतात, आणि उशीर झाला तर त्या पूर्णपणे जात नाहीत. मुलांमध्ये उंची खुंटणे एवढी एकच खूण दिसू शकते.

यावर पहिला आक्षेप असा की, आतडे बरे झाले की शोषण सुधारेल आणि तूट आपसूक भरेल. काही रुग्णांत, विशेषतः मुलांत, तसे घडतेही. परंतु प्रौढांचे आतडे सावकाश भरून येते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील २०१० सालच्या अभ्यासात दोन वर्षांनी ३४ टक्के आणि पाच वर्षांनी ६६ टक्के प्रौढांचेच अस्तर पूर्ववत झालेले आढळले. त्याहून बोलका पुरावा स्वीडनमधला आहे. तिथे दहा वर्षे ग्लुटेनमुक्त आहार पाळलेल्या प्रौढांना २००२ साली तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांत जीवनसत्त्वांची स्थिती खालावल्याच्या खुणा दिसल्या. फॉलिक आम्ल आणि ब-६ यांत ती उणीव मुख्यतः होती. आतडे बरे होऊनही उणीव उरते, तेव्हा प्रश्न शोषणाचा राहत नाही, ताटाचा होतो. काही पाश्चात्त्य देशांत पीठ पोषकघटक मिसळून विकले जाते. अमेरिकेत १९९८ पासून समृद्ध पिठात फॉलिक आम्ल घालणे सक्तीचे आहे. ग्लुटेनमुक्त पाव आणि बिस्किटे तांदूळ, मका, बटाटा यांच्या स्टार्चची असतात. त्यांत असे मिश्रण पुष्कळदा नसते आणि चोथाही कमी असतो. त्याच स्वीडिश संशोधकांनी पुढे रुग्णांना सहा महिने फॉलिक आम्ल, ब-१२ आणि ब-६ दिले. या जीवनसत्त्वांच्या अभावी रक्तात वाढणारे होमोसिस्टीन खाली आले आणि रुग्णांच्या मनःस्वास्थ्यातही सुधारणा नोंदवली गेली. तूट खरी होती आणि ती भरून काढता येत होती, हे यातून स्पष्ट होते.

दुसरा आक्षेप मराठी घरातून हमखास येतो : आपल्याकडे भाकरी आहे, मग अडचण कसली? या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मनापासून मान्य केले पाहिजे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा ही सारी धान्ये मुळातच ग्लुटेनमुक्त आहेत. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. बाजरीत लोह बरे असते. महागड्या आयात पाकिटांची गरज इथल्या रुग्णाला नाही. तरीही भाकरी म्हणजे निर्धास्तपणा नव्हे. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी दळली की पिठात गहू आलाच. बांधानी हिंगात गव्हाचे पीठ असते, मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू पडतो. अन्न ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवण्याची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम एवढी कडक आहे, हे लक्षात घेतले म्हणजे गिरणीतली मिसळ किती महत्त्वाची ते कळते. शिवाय या धान्यांतील फायटेट लोह आणि जस्ताला धरून ठेवतात, जेवणाबरोबरचा चहा त्यात भर घालतो. पीठ आंबवून केलेली आंबील, मोड आणलेली कडधान्ये आणि ताटातली लिंबाची फोड हे जुने प्रकार इथे खरोखर उपयोगी पडतात, कारण आंबवण्याने आणि मोड आणण्याने फायटेट घटतात आणि क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते. गहू सुटला म्हणून साबुदाण्यावर भर देणे मात्र चुकीचे आहे. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. आणि कोणतीही भाकरी ब-१२ देत नाही. शाकाहारी रुग्णाला ते दूधदुभत्यातूनच मिळते. निदानानंतर सुरुवातीचे काही महिने अनेकांना दूध पचत नाही, कारण दुधातली साखर पचवणारे विकर त्याच झिजलेल्या अंकुरांवर असते. अशा वेळी कॅल्शियम आणि ब-१२ दोन्हींचा पुरवठा एकदम आटतो. दही अनेकांना चालते, आणि जे चालते त्याची नोंद आहारतज्ज्ञाने घ्यायला हवी.

मग सर्वांनाच सरसकट मल्टिव्हिटॅमिन का देऊ नये, हा तिसरा प्रश्न. सोपा वाटणारा हा मार्ग दोन कारणांनी अपुरा आहे. रोजच्या गोळीतली मात्रा निरोगी माणसाची रोजची गरज भागवण्यापुरती असते. रिकामा झालेला लोहाचा साठा तिने भरत नाही, आणि शोषण फार बिघडले असेल तर लोह शिरेतूनच द्यावे लागते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ब-१२ न तपासता नुसते फॉलिक आम्ल दिले तर रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण नसांची हानी आतून चालू राहते. जस्त दीर्घकाळ जास्त घेतले तर तांबे कमी पडते. ब-६च्या अतिरेकाने नसांना इजा होते, आणि गरोदरपणात अ जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भाला घातक ठरतो. गोळीच्या पूरक स्टार्चमध्ये गहू नाही ना, हेही पाहावे लागते. म्हणून निदानाच्या वेळीच हिमोग्लोबिन, फेरिटिन, फोलेट, ब-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि जस्त तपासावे, प्रौढांत हाडांची घनता मोजण्याचा विचार व्हावा आणि जे कमी असेल ते प्रमाण सुधारेपर्यंत ठरावीक काळाने पुन्हा तपासावे. हा खर्च अनेक कुटुंबांना जड जातो, हे खरे आहे. पण मोडलेल्या हाडाचा आणि वर्षानुवर्षे निष्फळ घेतलेल्या लोहाच्या गोळ्यांचा खर्च त्याहून जड असतो.

भारतात हा आजार दुर्मिळ नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्याचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. जनुकीय ठेवण तिन्ही भागांत बरीचशी सारखी होती, गव्हाच्या खाण्यात मात्र मोठे अंतर होते. महाराष्ट्राच्या शहरांत पोळी रोजची झाली आहे, आणि रक्तक्षय इतका सर्रास आढळतो की त्याचे कारण शोधण्याची गरजच कुणाला वाटत नाही. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही काही महिन्यांत हिमोग्लोबिन वाढत नसेल, मुलाची उंची खुंटली असेल किंवा घरात आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला हा आजार असेल, तर डॉक्टरांना टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजची रक्तचाचणी करण्याविषयी विचारावे. ती चाचणी गहू खाणे चालू असतानाच करावी; गहू आधीच सोडला तर चाचणी खोटा दिलासा देते आणि निदान आणखी लांबते.