डीसी लोकल आणि रेल्वेप्रेमी

डीसी लोकल : मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर १५०० व्होल्ट एकदिश (डीसी) विद्युतप्रवाहावर धावणारी प्रवासी गाडी. या प्रणालीचा काळ ३ फेब्रुवारी १९२५ ते ९ एप्रिल २०१६ असा सुमारे ९१ वर्षांचा आहे. सेवेच्या उत्तरार्धात या गाड्यांना रेल्वेप्रेमींचा, म्हणजे ‘रेलफॅन’ मंडळींचा, विशेष जिव्हाळा लाभला. हा जिव्हाळा केवळ गतकाळाच्या ओढीतून आलेला नाही. गाडीचे यंत्र, आवाज आणि सवयी नेमकेपणाने ओळखण्यातून तो वाढला. या गाड्यांविषयीचे बरेचसे बारीक ज्ञान आज टिकून आहे, त्यात या मंडळींचा वाटा मोठा आहे.

इतिहास : भारतातील पहिली विजेची रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची चार डब्यांची गाडी होती. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिचे उद्घाटन केले. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली मार्गावर विजेच्या लोकल सुरू केल्या. सुरुवातीच्या गाड्या परदेशी बनावटीच्या होत्या. स्वातंत्र्यानंतर कोलकात्याची जेसप कंपनी आणि पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी येथे डबे तयार होऊ लागले. गर्दी वाढली तशी गाडीची लांबी नऊ डब्यांवर आणि १९८० च्या दशकात बारा डब्यांवर गेली. मुंबईकरांच्या आठवणीत सर्वांत पक्की बसली ती पिवळ्या-तपकिरी रंगाची लोकल.

रचना व कार्य : मुंबईच्या लोकलचा डबा सुमारे १२ फूट (३.६६ मीटर) रुंद असतो. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या डब्यांहून ही रुंदी जास्त आहे. रुंद उघडी दारे, लाकडी बाक, छताला टांगलेल्या कड्या, पट्ट्यापट्ट्यांची खिडकी आणि मालडबा ही जुन्या रेकची (एकत्र जोडलेल्या डब्यांच्या संचाची) ओळख होती. पॅन्टोग्राफने तारेतून घेतलेली वीज मोटर कोचमधील, म्हणजे मोटरा बसवलेल्या डब्यातील, मोटरांना मिळे. थांबलेल्या मोटरला एकदम पूर्ण दाब दिला तर प्रवाह धोक्याच्या पातळीवर जातो, म्हणून सुरुवातीला वाटेत रोधक घातलेले असत. वेग वाढेल तसे रोधक टप्प्याटप्प्याने वगळले जात. मोटरा आधी एकसरीत आणि मग समांतर जोडल्या जात. प्रत्येक टप्प्याला गाडीला लहानसा हिसका बसे आणि मोटर कोचच्या तळातून खटका ऐकू येई. दातेरी चाकांचा चढत जाणारा सूर आणि स्टेशनात उभ्या गाडीच्या कॉम्प्रेसरची धडधड ही या लोकलची इतर ओळखीची लक्षणे होती. जाणकार प्रवासी डोळे मिटून, केवळ आवाजावरून, रेक कोणत्या पिढीचा आहे ते सांगत.

डीसीकडून एसीकडे : १५०० व्होल्टच्या प्रणालीत मोठी शक्ती पोचवायची तर प्रवाहही मोठा लागतो. त्यासाठी तांब्याची जाड तार, थोड्याथोड्या अंतरावर उपकेंद्रे आणि वाटेतील विजेची गळती सोसणे भाग पडते. बारा व पंधरा डब्यांच्या गाड्या दर काही मिनिटांनी सोडायच्या तर ही व्यवस्था अपुरी होती. त्यामुळे २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाचा मार्ग स्वीकारण्यात आला. पश्चिम रेल्वेवरील चर्चगेट ते विरार हा बदल फेब्रुवारी २०१२ मध्ये पूर्ण झाला. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर तो जून २०१५ मध्ये आणि हार्बर मार्गावर एप्रिल २०१६ मध्ये पूर्णत्वास गेला. मधल्या काळात दोन्ही प्रवाहांवर चालणारे रेक वापरले गेले. नोव्हेंबर २००७ पासून पश्चिम रेल्वेवर सीमेन्स प्रणालीचे पांढरे-जांभळे रेक आले. त्यांत छतातून हवा खेळवण्याची सोय होती आणि ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज तारेत परत जात असे. जुन्या लोकलमध्ये हीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाई. प्रवाशांच्या सोयीसाठी हा बदल आवश्यकच होता आणि रेल्वेप्रेमींनीही तो मान्य केला.

जिव्हाळ्याचे स्वरूप : लोकलवर प्रेम करण्यात प्रवासी रेल्वेप्रेमींच्या पुढे होते. ठरलेल्या गाडीच्या ठरलेल्या डब्यात वर्षानुवर्षे भेटणारे गट, डब्यातली भजनी मंडळे, दसऱ्याच्या सुमारास झेंडूची तोरणे बांधून केलेली लोकलची पूजा आणि त्या दिवशी मोटरमनला दिलेली मिठाई हा मुंबईच्या जीवनाचा भाग आहे. रेल्वेप्रेमींनी या आपुलकीला नोंदींची जोड दिली. डब्यांचे क्रमांक, बांधणीचे वर्ष आणि कारखाना, रेक कोणत्या कारशेडचा (देखभाल-आगाराचा), त्याचा रंग कधी बदलला, कोणता मोटर कोच कोणत्या रेकमधून काढून कोठे जोडला, याच्या वह्या त्यांनी ठेवल्या. कुर्ला, कळवा, सानपाडा, कांदिवली, विरार ही कारशेडची नावे त्यांच्या बोलण्यात घरच्या नावांसारखी येतात. काहींनी मोटर कोचच्या शेजारी बसून पूर्ण प्रवासाचा आवाज ध्वनिमुद्रित केला. रेल्वेच्या दप्तरात गाडीचे वय आणि दुरुस्ती नोंदली जाते. ती धावताना कशी वाटे, हे मात्र हौशी माणसांच्या संग्रहातच सापडते. १९८९ मध्ये सुरू झालेल्या इंडियन रेल्वेज फॅन क्लबने अशा विखुरलेल्या नोंदी एकत्र आणण्याचे मोठे काम केले.

जुन्या गाडीचा निरोप जवळ आला की ही ओढ तीव्र होते, कारण लोकल रोजच्या वापरात असेपर्यंत तिच्याकडे कोणी थांबून पाहत नाही. लोकलच्या डब्याचे ठरावीक आयुष्य २५ वर्षांचे मानले जाते. त्यानंतर त्याची रवानगी भंगारात होते. रेक एकेक करून कमी होऊ लागतात तेव्हा कोणता उरला आणि कधी सुटणार, याची चौकशी सुरू होते.

निरोप : भारतीय रेल्वेवरील अखेरची डीसी लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बर मार्गावर कुर्ल्याहून छत्रपती शिवाजी टर्मिनसकडे (पूर्वीचे व्हिक्टोरिया टर्मिनस) धावली. १९२५ ची पहिली गाडी याच मार्गावर उलट दिशेने गेली होती. म्हणजे ज्या रुळांवर या युगाचा आरंभ झाला, त्याच रुळांवर ते संपले.

शहराला असे निरोप नवे नाहीत. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही मुंबईची शेवटची ट्राम गेली तेव्हा तिला पाहायला रस्त्याच्या दुतर्फा लोक जमले होते. १९३७ पासून धावणाऱ्या बेस्टच्या दुमजली बसगाड्यांतील शेवटची डिझेल गाडी १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली. धावत्या गाडीलाही असा जिव्हाळा लाभतो : १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या ‘डेक्कन क्वीन’चा वाढदिवस पुणे स्थानकावर दरवर्षी साजरा होतो. २०२२ मध्ये तिला नव्या (एलएचबी) बनावटीचे डबे मिळाले, पण भोजनयान कायम राहिले. मराठवाड्यात परभणी-पूर्णा भागातील जुन्या लोकांच्या मनात जिव्हाळ्याची हीच जागा निजामच्या रेल्वेपासून चालत आलेल्या मीटरगेज गाड्यांना आहे.

अन्य शहरे : कोलकाता मेट्रोने २४ ऑक्टोबर २०२१ रोजी, आपल्या ३७ व्या वर्धापनदिनी, वातानुकूलन नसलेल्या जुन्या रेकना समारंभपूर्वक निरोप दिला. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील आर-३२ प्रकारचे स्टेनलेस स्टीलचे डबे १९६४ मध्ये आले होते. त्यांच्या निरोपाच्या विशेष फेऱ्या जानेवारी २०२२ मध्ये संपल्या, तेव्हा डबे चाहत्यांनी भरून गेले होते. त्याच शहराचे बाराशेहून अधिक निवृत्त डबे २००१ नंतर अटलांटिक महासागरात सोडून माशांसाठी कृत्रिम प्रवाळभित्ती तयार करण्यात आल्या. लंडनच्या भुयारी रेल्वेतील १९३८ च्या बनावटीचे डबे भुयारातून बाहेर पडून आइल ऑफ वाइट या बेटावर जानेवारी २०२१ पर्यंत प्रवासी नेत होते. लंडनच्या वाहतूक संग्रहालयाने त्याच बनावटीची एक गाडी चालू स्थितीत राखली आहे.

जतन : भारतीय रेल्वेच्या कोणत्याही मार्गावर आता १५०० व्होल्ट डीसीची तार उरलेली नाही. त्यामुळे मूळ रूपातील डीसी लोकल जपून ठेवली तरी ती आपल्या शक्तीवर धावू शकत नाही. वाफेच्या इंजिनाला कोळसा आणि पाणी पुरते. या गाडीला मात्र तिची तार, तिचे उपकेंद्र आणि ती हाकण्याची रीत माहीत असलेला मोटरमन असे सगळेच लागते. म्हणून जतनाचा विचार केवळ एखादा डबा चौथऱ्यावर उभा करण्यापुरता ठेवून चालणार नाही. कारशेडच्या आवारात थोड्या अंतराची डीसी तार, एक चालता मोटर कोच आणि जुन्या मोटरमन व कारागिरांच्या मुलाखती एवढे जरी साधले, तरी पुढच्या पिढीला हे यंत्र समजून घेता येईल. रेल्वेप्रेमींच्या वह्या, छायाचित्रे आणि ध्वनिफिती हा या कामाचा तयार पाया आहे. रेल्वेच्या अधिकृत वारसा-संग्रहात त्यांना स्थान मिळणे गरजेचे आहे.