कंदील परका, चित्र घरचे

पेण तालुक्यातील जोहे या गावाचे नाव ज्यांनी ऐकले आहे, त्यांपैकी बहुतेकांनी ते गणपतीच्या निमित्तानेच ऐकलेले असते. पेण शहरात देवधरांसारख्या घराण्यांनी मूर्तिकलेला जो लौकिक मिळवून दिला, तो कालांतराने शहराची वेस ओलांडून हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या आसपासच्या गावांत उतरला, आणि भातशेतीच्या जोडीला तेथे साच्यांचा, रंगांचा व डोळ्यांच्या आखणीचा एक बारमाही व्यवहार उभा राहिला. अशा गावातल्या काही हौशी माणसांनी, कोणी छायाचित्रे काढणारे, कोणी जुन्या मूर्तींच्या घडणीचा अभ्यास करणारे, कोणी खाडीकाठी पक्षी पाहत हिंडणारे, एखादे छंदमंडळ स्थापावे आणि महिन्यातून एकदा एकत्र बसून आपापला संग्रह भिंतीवर मोठा करून एकमेकांस दाखवावा असे मनात आणले, की पहिल्याच बैठकीत वर्गणीच्या वहीसमोर प्रश्न उभा राहतो: परवडेल असा प्रोजेक्टर कोणता? दुकानदार या प्रश्नाचे उत्तर आपापल्या मालाच्या मगदुराप्रमाणे देतातच. मला मात्र त्याचा पूर्वेतिहास अधिक उद्बोधक वाटतो, कारण उत्तर कोकणात हाच प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कल्याणच्या एका गृहस्थाने आपल्यापुरता, आणि फार सुंदर रीतीने, सोडवला होता.

यंत्राचे मूळ युरोपातले. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याने १६५९च्या सुमारास काचेवर रंगवलेले चित्र, त्यामागे दिवा आणि त्यापुढे भिंग अशी योजना करून भिंतीवर प्रतिमा पाडली. पुढे अडीचशे वर्षे या यंत्राच्या अंतरंगात तत्त्वतः काहीच बदलले नाही, बदलला तो केवळ दिवा. आरंभी मेणबत्ती व तेलाची वात, मग एकोणिसाव्या शतकात चुन्याच्या कांडीवर ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत सोडून मिळवलेला तो झगझगीत पांढरा प्रकाश, पुढे रॉकेलचे दिवे, कार्बनच्या कांड्यांमधील विद्युत्कमान आणि अखेरीस विजेचा गोळा, असा त्याचा प्रवास आहे. भिंग एकदा घेतले की पिढ्यान् पिढ्या टिके. खर्च आणि धोका ही दोन्ही प्रकाशाच्या वाट्याची होती. चुन्याच्या दिव्यासाठी वायूच्या पिशव्या बाळगाव्या लागत व त्यांचा स्फोट होण्याची धास्ती असे, म्हणून ज्या व्याख्यात्याची ऐपत वा छाती तेवढी नसे, तो रॉकेलवर भागवी आणि पडदा लहान ठेवी. पडद्याचा आकार ऐपतीप्रमाणे ठरवावा, ही युक्ती त्या काळापासूनची आहे आणि आजही कोणी खोटी पाडलेली नाही.

आपल्याकडे हे यंत्र अवतरले तेव्हा चित्र दाखवीत गोष्ट सांगण्याची रीत नवी नव्हती. दक्षिण कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर मंडळी कागदावर रंगवलेल्या चित्रांच्या पोथ्या उलगडीत रामायण-महाभारतातील आख्याने गात असत, आणि त्याच गावात चामड्याच्या बाहुल्यांना पडद्यामागून दिव्याचा उजेड देऊन सावल्यांचा खेळही केला जाई. या दोन्ही कला एकाच समाजात शेजारी शेजारी नांदाव्यात, ही गोष्ट मला यंत्राच्या शोधाइतकीच महत्त्वाची वाटते. रंगवलेले चित्र, पडदा, दिवा आणि निवेदकाचा कंठ ही चारही साधने तेथे हजर होती. उणे होते ते केवळ भिंग. म्हणूनच परदेशी कंदील जेव्हा कोकणात आला, तेव्हा प्रेक्षकाला त्याची भाषा शिकवावी लागली नसावी. अंधारात बसून उजळलेल्या चित्राकडे पाहत कथा ऐकण्याचा अभ्यास त्याला अगोदरचाच होता.

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२च्या सुमारास जो खेळ सुरू केला, त्याला त्यांनी ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले. विनायक आणि रामचंद्र या दोन पुत्रांसह त्यांनी हा घरगुती उद्योग चालवला. काचेच्या छोट्या तुकड्यांवर हातांनी रंगवलेली चित्रे एकामागून एक कंदिलात सरकवावयाची आणि त्यांच्यासोबत निवेदन, संवाद व गायन करावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. विषय अर्थातच रामायण-महाभारतातील व पुराणांतील आख्यानांचे, आणि त्यांना तोंडी लावण्यास सर्कशीसारखी करमणूक. एकाहून अधिक कंदील योजून आणि एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था वेगवेगळ्या काचांवर रंगवून ते पडद्यावर हालचालीचा भासही उत्पन्न करीत, आणि हे सर्व ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईच्या किनाऱ्याला लागण्यापूर्वी. नखाएवढ्या चेहऱ्यात डोळे, ओठ आणि किरीट भरावयाचा, तोही अशा बेताने की कित्येक पटींनी मोठा झाल्यावर कुंचल्याचा एकही फराटा उघडा पडू नये, या कामाला हात किती स्थिर असावा लागतो याची कल्पना जोहे-हमरापूरच्या कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला जितकी चटकन येईल तितकी आम्हां लेखणीवाल्यांना येणार नाही. त्यातही रंग पारदर्शक हवा. दाट रंग भिंतीवर काळा डाग होऊन उतरतो.

या खेळाचा जमाखर्च ज्या तत्त्वावर चालला, तेच मला येथे सांगावयाचे आहे. भिंग आणि कंदील ही एकदाची गुंतवणूक. त्यानंतर चित्र घरचे, आवाज घरचा, कथा सर्वांच्या मालकीची. नवा खेळ बसवावयाचा तर नवे यंत्र लागत नसे, लागत असे ती काच, रंग आणि वेळ. म्हणूनच सिनेमाच्या उदयानंतरही हा खेळ लगोलग विझला नाही, आणि त्यातील चित्रकाचा आजही जपलेल्या आहेत.

१८९६ सालच्या जुलै महिन्याच्या ७ तारखेस मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला आणि त्याचा दर माणशी १ रुपया होता. थोड्याच दिवसांत तो नॉव्हेल्टी नाट्यगृहात गेला व ४ आण्यांपासून २ रुपयांपर्यंत जागा मिळू लागल्या. हा प्रकार कल्याणच्या खेळाचा केवळ सुधारलेला अवतार होता असे मानणे मला पटत नाही, कारण त्याने हिशेबाची रीतच पालटून टाकली. यंत्र विकत घेतले तरी चित्र आपले होईना. चित्रपटाची रिळे भाड्याने आणावी लागत, ती झिजत, तुटत, परत करावी लागत, आणि ज्याच्या हाती रिळे त्याच्या हाती प्रदर्शकाची शेंडी अशी स्थिती झाली. शिवाय नायट्रेटची फिल्म कमालीची ज्वालाग्राही; तेव्हा १९१८च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने खेळाच्या जागेला परवाना आवश्यक केला आणि तो देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे ठेवला. हौशी मंडळाने अर्ज, हुजूर-कचेरी आणि दफ्तर यांच्या फेऱ्या मारून मग फिल्म दाखवावी, हे होणे नव्हतेच. चित्र पुन्हा घरचे करण्याचा खटाटोप करणारे लोक निघाले, पण ते हौशी राहिले नाहीत, सिनेमावाले झाले: दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून भांडवलदाराची खात्री पटवली, कोल्हापुरात नाटकाचे पडदे रंगवणारे आनंदराव व बाबूराव पेंटर हे दोघे कॅमेरा घरीच घडवण्याच्या मागे लागले, आणि आनंदरावांच्या १९१६ मधील निधनानंतर बाबूरावांनी तो १९१८ मध्ये सिद्धीस नेला. रंगाऱ्याने यंत्रज्ञ व्हावे, ही महाराष्ट्राची एक परंपराच म्हटली पाहिजे. गावोगावच्या जत्रांत तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्यांचा उत्तरकाळ ज्यांना पाहावयाचा असेल, त्यांनी २०१६ सालचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट अवश्य पाहावा.

मधला काळ संस्थांचा. १९२३ मध्ये कोडॅकने न पेटणाऱ्या सुरक्षित फिल्मवर १६ मिलिमीटरचे माप बाजारात आणले, आणि शाळेच्या वर्गात, देवळाच्या सभामंडपात, मोटारीच्या पाठीवर चित्र दाखवणे शक्य झाले. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि सरकारी प्रचारगाड्यांनी पांढरे कापड बांधून दाखवलेले माहितीपट हेच कित्येक खेड्यांतील पहिले चलच्चित्र ठरले. छंदमंडळांच्या दृष्टीने याहून मोलाची ठरली ती ३५ मिलिमीटरची रंगीत पारदर्शिका. पुठ्ठ्याच्या दोन इंची चौकटीत बसवलेली ही स्लाइड म्हणजे पटवर्धनांच्या काचेची नातच होती. १९६१ मध्ये कोडॅकने वाटोळ्या तबकाचे कॅरोसेल यंत्र काढल्यावर तर व्याख्यात्याचा एक हातही मोकळा झाला. कॅमेरा आपला, चित्र आपले, बोलणे आपले: जुना हिशेब परत जमला. कोकणात मात्र या नातीला एका शत्रूने गाठले. चार महिने धरून बसणाऱ्या पावसाळी हवेत स्लाइडवर बुरशीची जाळी पसरत, भिंगातही कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागत; तेव्हा शहाणी माणसे पेट्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवीत व पावसाळा संपला की सारा संग्रह उघडून हवेला लावीत.

आता जो प्रोजेक्टर मिळतो, त्यात काच नाही, फिल्म नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये सिद्ध केलेल्या सूक्ष्म आरशांच्या पट्टीवरून प्रकाश उसळवून अथवा द्रवस्फटिकांच्या चकत्यांतून तो आरपार नेऊन चित्र उमटवले जाते, आणि चित्राचा खर्च शून्यावर आला आहे. ते सर्वांच्या खिशातल्या दूरध्वनीतच असते. पण दिव्याचा हिशेब हायगेन्सच्या काळी होता तसाच आहे. ६ फूट रुंद व ४ फूट उंच चित्राचे क्षेत्रफळ सुमारे सव्वादोन चौरस मीटर भरते. ३००० ल्युमेनचा दिवा त्यावर चौरस मीटरमागे १३००च्या आसपास ल्युमेन टाकतो, तर खरोखरीचा २०० ल्युमेनचा छोटा एलईडी प्रोजेक्टर जेमतेम ९०. दिवे लावलेल्या साध्या खोलीच्या भिंतीवर तेवढा उजेड आधीच पडलेला असतो. तेव्हा दुसऱ्या यंत्रातले चित्र तेथे धुतलेल्या कापडासारखे विटके दिसणार हे सांगण्यास ज्योतिषी नको. जाहिरातीत त्याच यंत्रावर हजारो ल्युमेन छापलेले असतात, पण ते कोणत्या पद्धतीने मोजले याचा उल्लेख नसतो. अन्सी किंवा आयएसओ पद्धतीचा आकडा न देणाऱ्या पेटीकडे संशयाने पाहावे. आणि ‘फोर-के चालते’ याचा अर्थ तसे चित्र आत घेता येते एवढाच, बाहेर पडताना त्याचे ८५४ गुणिले ४८० बिंदू होऊ शकतात, हेही ध्यानी असावे. नाव असलेल्या कंपनीचा ३००० ल्युमेनचा नवा प्रोजेक्टर साधारणपणे ३० ते ५० हजार रुपयांच्या दरम्यान पडतो. लहान एलईडी यंत्रे त्याच्या थोड्याशा अंशात मिळतात आणि पूर्ण काळोख करता येत असेल, पडदा ३-४ फुटांचाच ठेवण्याची तयारी असेल, तर दहाबारा माणसांच्या बैठकीला ती अजिबात वाईट नाहीत.

जोह्यासारख्या गावात आणखी एक स्थानिक विचार करावा लागतो, तो धुळीचा. ज्या कारखान्यात दिवसा प्लास्टरच्या मूर्ती घासल्या जातात आणि कॉम्प्रेसरने रंग फवारला जातो, तेथेच संध्याकाळी मंडळ बसणार असेल, तर पंख्याने हवा आत ओढणारे प्रत्येक यंत्र ती भुकटीही ओढणार. द्रवस्फटिकांच्या यंत्राची जाळी अशा ठिकाणी आठवड्याला साफ करावी लागेल. सूक्ष्म आरशांच्या यंत्रांत प्रकाशमार्ग बहुधा अधिक बंदिस्त असतो, म्हणून एवढ्यापुरते माझे मत त्यांच्या बाजूने पडते. दिवा कोणता हेही विचारावे: पाऱ्याचा दिवा तीन ते पाच हजार तासांत बदलावा लागतो आणि त्याची किंमत वर्गणीला खिंडार पाडते, एलईडी वा लेझर असेल तर वीस हजार तासांचा भरवसा देतात. महिन्याला एक बैठक घेणाऱ्या मंडळाचे मात्र पाच हजार तास भरण्यास शतकही पुरायचे नाही, तेव्हा जुन्या पण थोड्या वापरलेल्या पाऱ्याच्या दिव्याच्या यंत्राला नाक मुरडण्याचे कारण नाही, त्याचा दिवा किती तास जळला हे यंत्राच्याच मेनूत पाहून घ्यावे म्हणजे झाले. शिल्लक उरली तर ती ध्वनिक्षेपकावर खर्चावी. यंत्रातला आवाज पत्र्याच्या छपराखाली ऐकू येत नाही, पाऊस असेल तर मुळीच नाही.

आणि खरेदीचा मुहूर्त. मे महिन्यापासून चतुर्थीपर्यंत कारखान्यांत माणसाला उभे राहण्यास जागा नसते. गणपती गेल्यावर मांडण्या रिकाम्या होतात, भिंती मोकळ्या होतात. लग्नसमारंभांची सामग्री पुरवणाऱ्याकडून दोन निरनिराळी यंत्रे त्या दिवसांत एकेका रात्रीपुरती भाड्याने आणावीत, चुन्याने पांढरी केलेल्या भिंतीपासून ९ ते १२ फुटांवर ठेवावीत, एकदा दिवे मालवून आणि एकदा ठेवून तेच छायाचित्र लावावे, शेवटच्या रांगेतल्या वयोवृद्ध सभासदास आखणीतली पापणी दिसते का ते विचारावे, आणि मगच किमतीची बोलणी करावीत.