सेतवण्ण, गेरुक, काळवण्ण : विनयातील भिंत आणि आगाशिवची लेणी

सातारा जिल्ह्यातील कराडच्या नैर्ऋत्येस, जखिणवाडीच्या परिसरात, आगाशिव डोंगराच्या उतारावर साठाहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. भरहुतच्या स्तूपावरील दानलेखांत ‘करहकट’ या निगमाचा उल्लेख येतो. तो निगम म्हणजे हेच कराड, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. आगाशिवच्या एका लेखात गोपालाचा पुत्र संघमित्र याने लेणे दान दिल्याची नोंद आहे. या लेणीसमूहाचे वर्णन करताना ‘साधी’ हा शब्द इतक्या वेळा वापरला गेला आहे की, तो आता वर्णन न राहता निष्कर्ष बनला आहे. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आहे तो याच शब्दावर. आज आपणांस दिसतो तो काळ्या पाषाणाचा उघडा पृष्ठभाग. त्यावरून येथील भिक्खूंनी उघड्या दगडातच वास केला असे म्हणणे म्हणजे सांगाड्यावरून माणसाचा वर्ण सांगण्यासारखे आहे.

भिंतीसंबंधी विनयपिटक काय सांगते ते प्रथम पाहू. चुल्लवग्गातील सेनासनक्खंधकात पाच प्रकारच्या निवासांना अनुज्ञा दिलेली आहे : विहार, अड्ढयोग, प्रासाद, हम्मिय आणि गुहा. पुढे राजगृहातील प्रसंग येतो. अन्यतीर्थिकांच्या निवासांत पांढरा रंग दिलेला असे, भूमी काळी केलेली असे, भिंतीवर गेरूचे काम असे. आणि ते पाहावयास पुष्कळ लोक जात. ही गोष्ट भगवंतांच्या कानी घालण्यात आली, तेव्हा त्यांनी विहारात सेतवण्ण, काळवण्ण आणि गेरुकपरिकम्म या तिन्हींना अनुज्ञा दिली. लोक रंग पाहावयास जातात म्हणून रंग निषिद्ध ठरविला गेला नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

तथापि खरा अभ्यासविषय पुढेच आहे. पांढरा रंग खडबडीत भिंतीवर बसेना. तेव्हा तुसाचा गोळा लावून, तो पाणिकेने म्हणजे थापीने सारखा करून, त्यावर रंग देण्यास सांगितले गेले. तरीही रंग धरेना. तेव्हा मऊ माती. तरीही धरेना, तेव्हा इक्कास आणि पिट्ठमद्द. गेरूसाठी क्रम असाच, परंतु द्रव्ये निराळी : तूस, नंतर कुंडकमत्तिका, नंतर वाटलेली मोहरी आणि सित्थतेलक. हा शेवटचा थर जास्त झाला तर तो कापडाने टिपून घ्यावा, एवढा बारीक तपशील तेथे आहे. काळ्या रंगासाठी गंडुमत्तिका आणि अखेरीस इक्कास व कसाव. ज्याने स्वतः भिंत रंगविली नाही, किंवा रंगविणाऱ्याच्या शेजारी बसून त्याची तक्रार ऐकली नाही, त्याला हा उतारा रचता येणार नाही. प्रत्येक रंगाला त्याची स्वतःची भूमी लागते, हे एका अपयशामागून दुसरे अपयश नोंदवीत येथे सांगितले आहे.

समन्तपासादिकेत या शब्दांचे अर्थ दिले आहेत. इक्कास म्हणजे झाडाचा डिंक किंवा चिकट द्रव; पिट्ठमद्द म्हणजे पिट्ठखलि; कुंडकमत्तिका म्हणजे कोंडा मिसळलेली माती; सित्थतेलक म्हणजे वितळविलेले मधमाश्यांचे मेण; गंडुमत्तिका म्हणजे गांडुळांनी वर टाकलेली माती; आणि कसाव म्हणजे आवळा व हिरडा यांचा काढा. मराठी वाचकाला येथे कोशाची फारशी गरज नाही. थुस म्हणजे आपले तूस, कुंडक म्हणजे कोंडा, गेरुक म्हणजे गेरू, मत्तिका म्हणजे माती, पिट्ठखलि म्हणजे पिठाची खळ, आणि भित्ति ती भिंतच. आमच्या विद्यापीठीय शिक्षणात हे शब्द परकीय भाषेतील कोशांच्या साह्याने शिकविले गेले. घरी आजी भिंतीला हात देताना तेच शब्द बोलत होती, हे ध्यानात यावयास बरीच वर्षे जावी लागली.

माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या भागांत धाब्याच्या घरांची भिंत अशीच होत असे. प्रथम माती आणि भुसा कुजवून केलेला गिलावा, त्यावर शेणमातीचा हात, त्यावर पांढरी माती किंवा चुना आणि खाली गेरूचा पट्टा. हे काम बहुधा स्त्रियांचे. म्हणून कारागिरीच्या इतिहासात त्याला स्थान मिळाले नाही. जुन्या वतनव्यवस्थेत चावडीची झाडलोट आणि गावकुसाची डागडुजी ज्यांच्याकडे होती, त्यांना त्याच चावडीत बरोबरीने बसता येत नव्हते. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनविषयक विधेयक आणले आणि 1958 च्या कायद्याने ही कनिष्ठ ग्रामवतने नष्ट झाली. भिंतीचे ज्ञान कोणाजवळ होते, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. आगाशिवला दात्याचे नाव दगडावर राहिले. गिलावा करणाऱ्याचे राहिले नाही.

काळ्या रंगाच्या कसावाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. हिरडा हे सह्याद्रीच्या घाटमाथ्याचे झाड. महाबळेश्वर, जावळी, पाटण या पट्ट्यात ते सर्वांच्या ओळखीचे आहे. हिरड्यात व आवळ्यात तुरट द्रव्य विपुल असते. लोहाशी त्याचा संयोग झाला की गडद काळा रंग तयार होतो; जुनी शाई याच तत्त्वावर होत असे. चुन्याच्या जुन्या बांधकामांतही हिरडा, बेलफळ व गूळ घालण्याची रीत होती. अट्ठकथेतील द्रव्ये आमच्या डोंगरात होती, एवढे निश्चित म्हणता येते. आगाशिवला ती वापरली गेली असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु ‘साधी’ या निष्कर्षालाही मग काही आधार उरत नाही.

थरांची ही पद्धती प्रत्यक्षात पाहावयाची तर अजिंठ्यास जावे लागते. तेथील खडक आगाशिवप्रमाणेच अग्निजन्य. गिलावा धरावा म्हणून छिन्नीचे खडबडीत घाव तसेच ठेवलेले. त्यावर माती, भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू यांचा लेप. त्यावर पातळ पांढरा थर. आणि त्यावर चिकट द्रव्यात कालविलेले गेरू, पिवडी, काजळी इत्यादी रंग. विनयातील क्रम येथे भिंतीवर उभा आहे. विनयाने स्त्रीपुरुषांची चित्रे नाकारून माला, लता, मकरदंत अशा नक्षीपुरतीच अनुज्ञा दिली होती, आणि अजिंठा ती मर्यादा ओलांडून गेला. पण तो निराळा विषय आहे.

थर चुकीचा पडला म्हणजे काय होते, हेही अजिंठाच शिकवितो. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ आणविले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा सावरला, हे उपकारच. परंतु चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला, त्यावर धूळ धरली, आणि तो काढण्यात नंतरच्या रसायनज्ञांची वर्षे गेली. बेडसे येथे त्याहून वाईट झाले. 1861 च्या सुमारास अधिकाऱ्यांना बरे दिसावे म्हणून स्थानिक मंडळींनी लेणे साफसूफ करून रंगविले, आणि जुन्या चित्रांचे उरलेसुरले अवशेष गेले. द्वेषाने नव्हे, आदरातिथ्याने! आजही श्रद्धेने तैलरंगाचा डबा घेऊन लेण्यात जाणारे उपासक आढळतात. त्यांना हा उतारा वाचून दाखवावासा वाटतो.

सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या एका जुन्या विहाराचा अनुभव येथे सांगतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात त्याची भिंत अनेक दिवस पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर लोकांनी वर्गणी काढून, भिंत पुरती वाळण्यापूर्वीच, तिला पुट्टी व चकचकीत तैलरंग दिला. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकीत असते. तैलरंगाचा पडदा ती वाट अडवितो, आणि आतले क्षार रंगाला मागून ढकलतात. पुढच्या पावसाळ्यापर्यंत रंगाचे पापुद्रे तळहाताएवढे होऊन पडू लागले. विहार समितीने भिंत सगळी खरवडावयाचे ठरविले, तेव्हा प्रस्तुत लेखकाने एक दिवस मागून घेतला आणि एक पापुद्रा पात्याने हलके उचलला. खाली जुना तैलरंग, त्याखाली डिस्टेंपर, त्याखाली नीळ कालविलेला चुना, त्याखाली नुसता पांढरा चुना, तळाशी गेरूचा पट्टा आणि मातीचा गिलावा. समितीतील एका वयोवृद्ध उपासिकेने निळ्या थराकडे बोट दाखवून सांगितले, “हा आम्ही दिला, दीक्षेनंतरच्या पहिल्या जयंतीला.” म्हणजे तो थर 1957 चा.

भिंत पुढे चुन्यानेच रंगविण्यात आली. दाराच्या मागील वीतभर जागा मात्र न खरवडता ठेवली आहे. तेथे सर्वांत खालच्या मातीत गव्हाचा भुसा अजून उघड्या डोळ्यांना दिसतो.