तळटीप : ‘दीड तासात मालवण’

१२. हा हिशेब अर्धाच आहे. सिंधुदुर्गचा विमानतळ चिपी-परुळ्याला, म्हणजे मालवण नव्हे, वेंगुर्ले तालुक्यात आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि मुंबईहून अलायन्स एअरचे एटीआर विमान सुरू झाले. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ३५० किलोमीटर. महामार्गाने तेच पाचशेच्या घरात जाते. तरी वेळापत्रकात जवळजवळ दीड तास धरलेला, कारण एटीआर पंख्याचे, जेटहून सावकाश. शिवाय धावपट्टीकडे जाणे, मुंबईत उड्डाणासाठी खोळंबणे हेही त्यातच मोजतात. खरी गंमत उतरल्यावर. चिपीहून मालवण कावळ्याच्या वाटेने दहा-बारा किलोमीटर, पण मध्ये कर्लीची खाडी. पलीकडे देवबाग-तारकर्ली, गाडीला मात्र आत नेरूरपारच्या पुलापर्यंत जाऊन पुन्हा किनाऱ्याकडे वळावे लागते. रेल्वेनेही थेट मालवण गाठता येत नाही: कुडाळला उतरायचे आणि पुढे एसटी नाहीतर रिक्षा. तेव्हा लेखकाचा दीड तास फार तर चिपीपर्यंतचा समजावा. — संपा.