कामचुकार कोण?

"हल्ली लोकांना कामाबद्दल आपुलकीच राहिली नाही" हे वाक्य मी आजवर नोकरी केलेल्या प्रत्येक कंपनीत ऐकलंय. म्हणणारा नेहमी वरच्या मजल्यावरचा. हे वाक्य मुंबईच्या गिरणीमालकांइतकं जुनं आहे, म्हणून आज थोडा इतिहास. (घरचे म्हणतील, याला काहीही निघालं की गिरण्याच आठवतात. असो!)

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांची. कंपनी १८५४ची, गिरणी ताडदेवला सुरू झाली १८५६ मध्ये. पुढे गिरण्या भराभर वाढल्या. मालकांनी भांडवल उभं केलं, विलायतेहून यंत्रं आणली, आणि माणसं सांभाळायचं काम मात्र जॉबरच्या गळ्यात टाकून दिलं. जॉबर म्हणजे मुकादम. भरती त्याच्या हातात, काम शिकवणं त्याच्या हातात, काढून टाकणंही त्याच्याच हातात. नोकरी हवी तर त्याला दस्तुरी द्यायची, टिकवायची तरी द्यायची. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी.

आणि बदली! सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभं राहायचं. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत, नाहीतर घरी. आमचे आजोबा कित्येक वर्षं बदलीवर होते, हे नात्यातल्या वाचकांना ठाऊक आहेच. ज्याला उद्या काम आहे की नाही हेच माहीत नाही, त्याने गिरणीला आपली कशी मानायची? आणि वर मालकांची तक्रार काय, तर कामगार दांड्या मारतात, सुगीला गावी पळतात. गावचं शेत निदान त्याचं स्वतःचं तरी होतं!

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनसाठी तयार केला. हे लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपरचं काम केलेले. मागण्या वाचून मी थक्क झालो होतो. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार. बस्स. पगार वाढवा असं त्यात एकही कलम नाही! मागत काय होते, तर माणसासारखं वागवा. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १९४६च्या कायद्याने मुंबईच्या गिरण्यांत एकच मान्यताप्राप्त संघटना ठरली, ती कामगारांना आपली वाटो न वाटो. बोनसवरून साचलेला राग घेऊन कामगार दत्ता सामंतांकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख लोक संपावर उतरले. हा संप फक्त पैशांसाठी होता, असं अजूनही बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. पगारवाढीबरोबर तो कायदा रद्द करा आणि बदली कामगारांना कायम करा, अशाही मागण्या होत्या. लोखंड्यांच्या अर्जानंतर ९८ वर्षांनीही माणसं फाटकाशीच उभी होती.

तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.