शाळेचं बीजगणित आणि प्रा. अभ्यंकर

आपल्या बॅचला आठवत असेल, दहावीला वर्गसमीकरण 'पूर्ण वर्ग' करून सोडवताना बाई पायरी गाळू द्यायच्या नाहीत. क्षच्या सहगुणकाची निम्मी, तिचा वर्ग, मग दोन्ही बाजूंना मिळवा. परीक्षा झाली आणि वह्या रद्दीत गेल्या. वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर, यंदा दहावीत असलेल्या मुलाला मीच म्हणाले, "मार्कांपुरतं कर, पुढे काही लागत नाही." नंतर प्रा. श्रीराम अभ्यंकरांविषयी वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली.

अभ्यंकरांचा जन्म १९३० सालचा, उज्जैनचा. वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ मध्ये बी.एस्सी. होऊन ते हार्वर्डला गेले आणि १९५५ मध्ये ऑस्कर झारिस्कींच्या हाताखाली पीएच.डी. झाले. त्यांचा प्रश्न असा होता: समीकरणातून तयार होणाऱ्या पृष्ठभागावर कुठे टोक येतं, कुठे तो स्वतःलाच छेदतो. या गाठी सोडवून तो गुळगुळीत करता येईल का? नेहमीच्या संख्यांसाठी झारिस्कींनी हे करून दाखवलं होतं. अभ्यंकरांनी निराळ्या अंकगणिताला हात घातला. त्याचा सर्वांत साधा नमुना आम्हा संगणकवाल्यांच्या ओळखीचा आहे: आकडे दोनच, ० आणि १, आणि १ + १ = ०. तिथे २ म्हणजेच शून्य, मग निम्मी करणार कशी? बाईंची पहिलीच पायरी अडते! अशा संख्यांवरच्या पृष्ठभागांचा प्रश्न अभ्यंकरांनी पंचविशीत सोडवला.

पुढे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात त्यांनी अनेक दशकं शिकवलं. १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केलं. आज तिथे शाळकरी मुलं गणित ऑलिंपियाडची तयारी करतात. त्याच वर्षी लिहिलेल्या एका लेखात त्यांनी शाळेच्या बीजगणिताची बाजू घेतली. नव्या अमूर्त भाषेच्या दिमाखात बहुपदींची जुनी हातची आकडेमोड विसरू नका, तिच्यात फार ताकद आहे, असं त्यांचं म्हणणं. या लेखाला १९७८ मध्ये शोव्हने पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये ते गेले.

परवा मुलाला म्हटलं, "माझं चुकलं. आता सांग, दोनने भागताच आलं नाही, तर पूर्ण वर्ग कसा करशील?" तो वही घेऊन बसला. शेजारी मीही बसले, एकही पायरी न गाळता.