हात-पाय-तोंड रोग

हात-पाय-तोंड रोग हा प्रामुख्याने पाच वर्षांखालील मुलांना होणारा विषाणुजन्य संसर्गजन्य आजार आहे. ताप, तोंडातील वेदनादायक व्रण आणि तळहात-तळपायांवरील पुरळ ही त्याची तीन मुख्य लक्षणे होत. बहुतेक मुले ७ ते १० दिवसांत विशेष औषधांवाचून बरी होतात. गिळताना होणाऱ्या वेदनांमुळे मूल पाणी पिणे थांबवते आणि त्यातून शरीर शुष्क होते, हा या आजारातील सर्वांत नेहमीचा धोका आहे.

नाव व गैरसमज

नावातील साधर्म्यामुळे हा आजार म्हणजे जनावरांचा लाळ्या-खुरकूत रोग होय, असा समज ग्रामीण भागात आढळतो. तो चुकीचा आहे. लाळ्या-खुरकूत गाय, म्हैस, शेळी, मेंढी अशा दुभंगलेल्या खुरांच्या प्राण्यांना होतो व त्याचा विषाणू वेगळा असतो. मुलांचा हा आजार जनावरांपासून होत नाही आणि जनावरांना लागत नाही. त्यामुळे गोठ्याजवळ राहणाऱ्या कुटुंबांत मूल आजारी पडल्यास दोष जनावराकडे न देता माणसांतील संसर्गाकडे लक्ष देणे आवश्यक ठरते.

कारणे व प्रसार

हा आजार एंटेरोव्हायरस गटातील विषाणूंमुळे होतो. त्यांत कॉक्सॅकी विषाणू ए१६ व ए६ आणि एंटेरोव्हायरस ए७१ हे प्रमुख होत. ए६ मुळे पुरळ अधिक पसरते, तर ए७१ मुळे क्वचित मेंदूचे व हृदयाचे गंभीर विकार संभवतात. लाळ, शिंक-खोकल्याचे तुषार, फोडांतील द्रव आणि विष्ठा यांतून विषाणू पसरतो. संसर्गानंतर साधारणतः ३ ते ६ दिवसांनी लक्षणे दिसतात. पहिल्या आठवड्यात रुग्ण सर्वाधिक संसर्गजन्य असतो. मात्र विष्ठेतून विषाणू पुढे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. विषाणूचे प्रकार अनेक असल्याने हा आजार पुन्हा होऊ शकतो.

लक्षणे

प्रारंभी ताप, घसादुखी, अरुची व चिडचिड दिसते. एक-दोन दिवसांत जीभ, हिरड्या व गालांच्या आतील बाजूस लाल ठिपके उठून त्यांचे व्रण होतात. मूल लाळ गाळू लागते व घास नाकारते. त्यानंतर तळहात, तळपाय आणि पुष्कळदा ढुंगण, गुडघे व कोपरे यांवर लाल चट्टे किंवा पाणीदार फोड येतात. काही मुलांची नखे पुढील काही आठवड्यांत गळतात. ती पुन्हा उगवतात.

निदान

वय, व्रण आणि पुरळाची जागा यांवरून डॉक्टर सहसा तपासणीनेच निदान करतात. कांजिण्यांचे फोड मुख्यतः धड व चेहऱ्यावर टप्प्याटप्प्याने येतात आणि खाजतात. गोवरात खोकला, वाहते नाक व लाल डोळे यांनंतर पुरळ उठते. त्यात पाणीदार फोड नसतात. खरजेची खाज रात्री वाढते व ताप नसतो.

उपचार व काळजी

विषाणूवर विशिष्ट औषध नाही. प्रतिजैविके या विषाणूवर निरुपयोगी असतात. ताप व वेदनेसाठी डॉक्टरांनी वजनानुसार ठरविलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल देतात. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. पाणी, जलसंजीवनी, शहाळ्याचे पाणी किंवा गार दूध चमच्याने थोडे थोडे वारंवार द्यावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे स्तनपान चालू ठेवावे. पेज, खिमट, मऊ भात असे कोमट वा गार अन्न द्यावे; तिखट, आंबट व गरम पदार्थ टाळावेत. फोड फोडू नयेत. तोंडात टाकणखार लावण्याची जुनी रीत लहान मुलांसाठी विषारी ठरू शकते. एक वर्षाखालील बाळाला मधही देऊ नये.

धोक्याची लक्षणे

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते.

• आठ तास लघवी न होणे, आसवांवाचून रडणे, टाळू खोल जाणे
• तीन दिवसांहून अधिक टिकणारा ताप
• वारंवार उलट्या, झोपेत सतत दचकणे, झटके
• चालताना तोल जाणे, सुस्ती, धाप लागणे, हातपाय गार पडणे

प्रतिबंध

शौचानंतर, लंगोट बदलल्यावर व जेवणापूर्वी साबण-पाण्याने हात धुणे हा मुख्य उपाय आहे. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर या विषाणूंवर तुलनेने कमी प्रभावी ठरते. पेले, टॉवेल व खेळणी वेगळी ठेवावीत. आजारी मुलास ५ ते ७ दिवस अंगणवाडी व शाळेपासून दूर ठेवावे. पाण्याची टंचाई आणि दाटीची वस्ती असेल तेथे ही दक्षता कठीण होते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे हंगामात मुलांसह कोप्यांत राहतात, तर बीड तालुक्यातील कपिलधार येथे मन्मथस्वामींच्या समाधिस्थळी कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेत मोठी गर्दी होते. अशा ठिकाणी हात धुण्यासाठी पाणी व साबण हाताशी ठेवणे आणि आजारी मुलास गर्दीत न नेणे हितावह असते.

इतिहास

१९५७ साली न्यूझीलंड व कॅनडातील टोरांटो येथे या आजाराचे उद्रेक नोंदले गेले. १९५९ मधील इंग्लंडच्या बर्मिंगहॅम येथील उद्रेकानंतर त्याचे सध्याचे नाव रूढ झाले. १९९७ मध्ये मलेशियातील सारावाक व १९९८ मध्ये तैवान येथील साथींत ए७१ मुळे बालमृत्यू झाले. चीनने २०१५ मध्ये ए७१ विरुद्धच्या लसीस मान्यता दिली; भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात अशी लस नाही.

भारतात २००३ मध्ये केरळातील कालिकत येथे उद्रेक आढळला. महाराष्ट्रात २००५-०६ च्या सुमारास नागपूर परिसरात रुग्ण नोंदले गेले. २००९ मध्ये केरळ, पश्चिम बंगाल व ओडिशातील नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या संशोधकांना कॉक्सॅकी ए६ आढळला. मे २०२२ मध्ये केरळातील कोल्लम जिल्ह्यात ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून गाजलेला आजार याच रोगाचा प्रकार मानला जातो. लाल, फुगीर फोडांमुळे त्याला ते नाव मिळाले. टोमॅटो खाण्याशी त्याचा संबंध नाही.